निर्वासित आणि कायद्याचे राज्य

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी अमरावतीत रामपुरी कॅम्प आणि अकोल्यात सिंधी कॅम्प वसवला. त्यांच्या कष्टांना कायद्याची साथ होती. मागे राहिलेले घर, दुकान, शेत यांचे दावे १९५०च्या कायद्याने तपासले गेले. १९५४च्या कायद्याने भरपाईचा मार्ग ठरवून दिला. ती कोणाची मेहेरबानी नव्हती, तो हक्क होता. पुढे १९९६ मध्ये चकमा समाजाच्या निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की राज्यघटनेच्या अनुच्छेद २१चे, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे, संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे. तरीही निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा देशात आजही नाही. निर्वासितांमध्ये काम करणाऱ्यांना नियमांचे मोल रोज कळते: कागद हरवलेल्या माणसाला कायदाच आधार देतो. म्हणून तो स्पष्ट आणि सर्वांना समान असायला हवा.