गाडीचा एसी अचानक बंद पडला तर...



आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलांचे पोट आज चाकावर आहे. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी कंपनीची गाडी, तर कोणी कर्ज काढून घेतलेली टुरिस्ट गाडी. अशा गाडीचा एसी ही चैन नव्हे, तो धंद्याचा भाग आहे. मे महिन्यात एसी बंद असला की गिऱ्हाईक उतरून जाते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्यावर ही वेळ आली. सकाळपासून गार हवा देणारा एसी भर दुपारी सायनच्या सिग्नलला एकदम गरम हवा फेकू लागला. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटे पाहिले आणि सांगितले, "कंप्रेसर गेला. २२ हजार लागतील." संध्याकाळी बहीण माझ्याकडे आली. कानातली फुले तिने पदराच्या गाठीत बांधून आणली होती. म्हणाली, "दादा, पतपेढीत ठेवून एवढे मिळतील का रे?"

मला गाडीतले काही कळत नाही. पण इतकी वर्षे कारकुनी करून एक गोष्ट शिकलो आहे. रोकडीचा मेळ बसला नाही, तर लगेच चोर शोधायचा नसतो. आधी बेरीज पुन्हा करायची. मी भाच्याला विचारले, "कंप्रेसर गेला, हे त्याने कशावरून ठरवले?" भाचा गप्प. त्याने विचारलेच नव्हते.

आमच्या चाळीत एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक इलेक्ट्रिशियन काका आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गाडी दाखवली. ते म्हणाले, "एसी हळूहळू मंदावला, तर गॅस गळतोय किंवा जाळी तुंबली, असा संशय घ्यायचा. एकदम बंद पडला, तर आधी वीज बघायची." मग त्यांनी आम्हाला सगळे समजावून सांगितले.

बहुतेक गाड्यांत कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि गॅस दाबतो. हा तापलेला गॅस रेडिएटरपुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, पंख्याच्या वाऱ्याने निवून पातळ होतो. पुढे डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते आणि त्या वेळी तो आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. या साखळीतील एक कडी तुटली तरी हवा गरमच येते. म्हणून कडी शोधायची ती क्रमाने.

पहिली गोष्ट, इंजिनाच्या तापमानाचा काटा पाहा. इंजिन फार तापले की अनेक गाड्या स्वतःच एसी बंद करतात. अशा वेळी गाडी बाजूला घ्या आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नका.

दुसरी गोष्ट, जाळीतून हवा येते की नाही ते पाहा. हवाच येत नसेल तर ब्लोअर, त्याचा फ्यूज किंवा तुंबलेला केबिन फिल्टर यांत दोष असतो. कंप्रेसरशी त्याचा संबंध नाही.

तिसरी गोष्ट, हवा जोरात पण गरम येत असेल, तर इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला एसीचे बटण दाबायला सांगा आणि लांबून ऐका. 'टक' असा आवाज होऊन कंप्रेसरच्या तोंडाची चकती फिरू लागली पाहिजे. (काही नव्या गाड्यांत हा आवाज होत नाही.) समोरचा पंखाही फिरला पाहिजे. गाडी धावताना गार आणि सिग्नलला गरम, असे होत असेल तर बहुधा पंखा किंवा घाणीने भरलेली जाळी कारण असते. पट्टा आणि पंखा यांच्याजवळ हात, ओढणी, गमछा नेऊ नका.

आमच्या गाडीत 'टक' झालेच नाही. काकांनी इंजिन बंद करून फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. मग एसीचा रिले काढून त्या जागी हॉर्नचा त्याच नंबरचा रिले लावला. बटण दाबताच 'टक' झाले आणि पाच मिनिटांत गार हवा! नवा रिले आला अडीचशे रुपयांत.

दरवेळी असेच होईल असे नाही. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपियरचा घाला. तो पुन्हा उडाला तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे, अशा वेळी तार गुंडाळून काम भागवले तर गाडी पेटू शकते. गॅस फार कमी झाला तरी दाबाचा स्विच कंप्रेसर चालू होऊ देत नाही. पण गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. म्हणून आधी गळती शोधायला सांगा, मग व्हॅक्यूम करून, कंपनीने ठरवलेल्या वजनाइतकाच गॅस भरून घ्या. गॅसचे पाइप घरी खोलू नका, डोळ्याला आणि कातडीला इजा होते. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीच्या नारिंगी वायरींना तर हातच लावू नका.

आणखी एक कळकळीची विनंती. इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

बहिणीची फुले कानात परत गेली. कंप्रेसर खरोखर जातोही, तेव्हा खर्च करावाच लागतो. पण खर्चाचा आकडा ऐकल्यावर खिशात हात घालण्याआधी एवढेच विचारा, "कशावरून?" काम जाणणारा मेकॅनिक या प्रश्नाला रागावत नाही, तो बॉनेट उघडून दाखवतो.