रशियन उच्चार आणि मराठी कान

रशियन शिकू लागलेला मराठी विद्यार्थी बहुधा इंग्रजीच्या वाटेने त्या भाषेपर्यंत पोहोचतो आणि त्याची पहिली अडचण तेथेच निर्माण होते. ‘टॉलस्टॉय’ हे रूढ रूप याचे उत्तम उदाहरण होय. रशियन ‘त’ हा मराठी ‘त’प्रमाणेच दंत्य आहे, मूळ उच्चार ‘तल्स्तोय’च्या जवळचा. ‘झार’चेही तसेच. त्यातील आद्य ध्वनी वस्तुतः ‘चाक’मधील ‘च’सारखा आहे. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’चा भेद मराठी भाषकास बालपणापासून अवगत असतो. देवनागरी तो एकाच अक्षरात झाकते. रशियन लिपी त्याच्याशी मिळत्याजुळत्या ध्वनींसाठी दोन अक्षरे राखते.

मात्र स्वभाषेचे हे भांडवल सर्वत्र पुरत नाही. रशियनमध्ये आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’कडे झुकतो, म्हणून दुधाला ‘मोलोको’ असे लिहून ‘मलाको’ म्हटले जाते. ‘मुका’ या शब्दात आघात पहिल्या स्वरावर असेल तर अर्थ यातना, दुसऱ्यावर असेल तर पीठ. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ. पण अंत्य ‘त’ मृदू, तालव्यरंजित झाला की तेच ‘घेणे’ हे क्रियापद होते. हे भेद देवनागरी लिप्यंतरात उतरत नाहीत.

तेव्हा मराठी नवशिक्यासाठी रचलेल्या पाठ्यपुस्तकाने प्रारंभ मराठी ध्वनिव्यवस्थेपासून करावा आणि ती जेथे अपुरी पडते तेथे लिप्यंतराचा आधार काढून घेऊन कानास कामाला लावावे. विद्यार्थ्याच्या जिभेला दोष देण्यापूर्वी अध्यापकाने आपण दाखविलेली वाट तपासणे उचित ठरेल.