अभ्यासाच्या खोलीला रंग कोणता?

निळा रंग आपल्या जिव्हाळ्याचा. अशोक विजयादशमीच्या रंगकामात तो हवाच, असा मुलांचा हट्ट. पण एटापल्लीकडच्या घरांत खोलीला खिडकी एखादीच, तीही झाडाआड, आणि त्याच खोलीत दहावीचा अभ्यास! म्हणून आम्ही भिंतीवर हातभर दोन पट्टे मारून पाहिले. एका चुन्यात नीळ जास्त, दुसऱ्यात चिमूटभर पिवडी. ओला चुना फसवा असतो, दोन दिवस वाळू दिला. सकाळी दोन्ही शोभले. रात्री पिवळ्या बल्बखाली मात्र निळा काळपट पडला. गडद भिंत उजेड पिते, फिकट भिंत तो वहीवर परत टाकते. भिंतीला पिवडी दिली, दार निळे केले. भगिनींनो, ओलीच्या भिंतीला ऑइलपेंट देऊ नका, पोपडे निघतात.