कपाटाची किल्ली कोणाकडे?

शेंगदाण्याच्या कुटाचा कणही एखाद्याला सोसत नाही. घसा सुजतो, रक्तदाब घसरतो, काही मिनिटांत जिवावर बेतते. शार्ल रिशे यांनी १९०२ साली याला ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हटले. खाज शमवणारी गोळी इथे पुरत नाही. ॲड्रिनॅलिनच हवे, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, ताबडतोब. ते टोचणारे पेन म्हणजे दाबून धरलेली स्प्रिंग. (आमच्या भौतिकशास्त्राचा तेवढाच हातभार!)

ब्रिटनमधील शाळांना ऑक्टोबर २०१७ पासून असे जादा पेन डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकत घेऊन ठेवता येते. पण ते कुलूपबंद कपाटात, आणि किल्लीवाले रजेवर, तर काय उपयोग? माझ्या मते त्याची जागा शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना ठाऊक हवी. आणि शिक्षकहो, मुलाला चालवत औषधाकडे नेऊ नका. निजवा, धाप लागली असेल तर बसवा, औषध त्याच्यापाशी आणा.