काचेच्या पोटात लिहिणारा प्रकाश

मुलांनो, काचेतून प्रकाश आरपार जातो, हे तुम्हांला कोणी सांगायला नको. खिडकी बंद असली तरी सकाळचं ऊन बिनदिक्कत तुमच्या अंथरुणावर येऊन बसतंच की नाही? येतं तसं निघूनही जातं. काचेवर त्याचा साधा ओरखडासुद्धा उरत नाही.

आता एक कोडं. त्याच काचेच्या आत काहीतरी लिहायचं आहे. वर नाही बरं का, आत! काच फोडायची नाही, वितळवायची नाही, तिला भोकही पाडायचं नाही. आणि लेखणी म्हणून वापरायचा फक्त प्रकाश. जमेल?

तुमच्यातलं कोणीतरी लगेच हात वर करील. “भेटवस्तूंच्या दुकानात काचेचा चौकोनी ठोकळा असतो. त्याच्या आत गणपती नाहीतर ताजमहाल तरंगत असतो. तसंच ना?” शाब्बास! तो ठोकळा लेसरनेच केलेला असतो. पण भिंगातून नीट पाहिलंत, तर ते चित्र बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं दिसेल. त्यातला एकेक ठिपका म्हणजे काचेला आतून गेलेला चिमुकला तडा. ही झाली कोळशाने भिंतीवर ओढलेली रेघ. आज आपण ज्या लेखणीची ओळख करून घेणार आहोत, ती इतकी बारीक आहे, की तिची रेघ साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायची नाही.

आधी हे सांगा, काच पारदर्शक का असते? काचेतल्या अणूंमध्ये इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले असतात. त्यांना मोकळं करायला ठरावीक ऊर्जा लागते. प्रकाश हा फोटॉन नावाच्या कणांचा बनलेला असतो. पण आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनजवळ तेवढी ऊर्जा नसते. मग तो बिचारा काही न करता आरपार निघून जातो.

गोकुळाष्टमीची दहीहंडी आठवा. हंडी उंच टांगलेली आहे. एकटा गोविंदा कितीही उड्या मारो, त्याचा हात पोचणार नाही. दिवसभरात शंभर गोविंदा एकामागून एक आले आणि उड्या मारून गेले, तरी हंडी जागच्या जागी! पण तेच गोविंदा एकाच वेळी आले आणि त्यांनी थर लावले, तर? फुटलीच हंडी! काचेचंही तसंच आहे. बरेच फोटॉन एकाच जागी, एकाच क्षणी आले, तर त्यांची ऊर्जा एकत्र होते आणि इलेक्ट्रॉन सुटतो. शुद्ध सिलिकाच्या काचेवर लेसरचा अवरक्त प्रकाश टाकायचा असेल, तर ही हंडी साधारण सहा ते आठ थरांची असते.

दोन फोटॉन मिळून एकाच वेळी असं काम करू शकतील, हे सर्वांत आधी गणिताने दाखवलं मारिया गोपर्ट-मायर या तरुण विद्यार्थिनीने. तिचा प्रबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. पण ते पडताळून पाहायचं कसं? तेवढा प्रखर प्रकाश तेव्हा कोणाकडेच नव्हता. पहिला लेसर तयार झाला १९६० साली आणि दुसऱ्याच वर्षी प्रयोगाने सिद्ध झालं, की तिचं म्हणणं खरं होतं. तीस वर्षं ते गणित कागदावर वाट पाहत होतं!

फोटॉनांची अशी गर्दी करायची तर दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, जागा लहान करायची. ते काम भिंग करतं. उन्हात भिंग धरून कागद जाळल्याचं तुम्हांला माहीतच आहे. (भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका!) गंमत अशी, की कागद जळतो तो भिंगापासून ठरावीक अंतरावर, जिथे सगळे किरण एका बिंदूत येतात तिथेच. हा बिंदू काचेच्या आत आणला, तर वरची काच तशीच राहील आणि जे व्हायचं ते आतच होईल.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ कमी करायचा. लेसरचा प्रकाश सलग न सोडता तुटक-तुटक ठोक्यांनी सोडायचा. या ठोक्याला ‘स्पंद’ म्हणतात. स्पंद जितका छोटा, तितकी फोटॉनांची गर्दी दाट. किती छोटा? एका सेकंदाचे हजार भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा हजार भाग करा. असं पाच वेळा केलंत, की जो भाग हाती येईल, तो एक फेम्टोसेकंद. अजून नीट कळलं नाही? मग असं पाहा. एका सेकंदात प्रकाश सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. तोच प्रकाश १०० फेम्टोसेकंदांत फक्त ०.०३ मिलिमीटर जातो. आपल्या केसाच्या जाडीएवढाही नाही! आणि एक फेम्टोसेकंद ताणून एक सेकंदाएवढा केला, तर त्याच हिशेबाने एक सेकंद होईल ३ कोटी वर्षांहून मोठा! काय, चक्रावलात ना?

असे छोटे स्पंद तयार करता येत होते. पण ते जोरदार करायला गेलं, की जोर वाढवणारं यंत्रच जळून जायचं. यातून वाट काढली अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड आणि तिचे मार्गदर्शक जेरार मुरू यांनी, १९८५ साली. डॉना तेव्हा विद्यार्थिनीच होती. त्यांची युक्ती तुम्हांला शाळेतच सापडेल. मधल्या सुट्टीत सगळी मुलं एकदम दारात घुसली, तर दार मोडेल. म्हणून बाई काय करतात? आधी मुलांची लांब रांग करतात. दारातून जाताना प्रत्येकाच्या हातावर खाऊ ठेवतात आणि मग सगळ्यांना मैदानात पुन्हा एकत्र करतात. दोघांनी अगदी हेच केलं. आधी स्पंद ताणून लांब केला. त्यासाठी प्रकाश १.४ किलोमीटर लांबीच्या काचतंतूतून नेला. मग या लांब झालेल्या, विरळ स्पंदाची ऊर्जा वाढवली आणि शेवटी त्याला पुन्हा दाबून छोटा केला. यंत्र शाबूत राहिलं आणि स्पंद भलताच ताकदवान झाला. या कामासाठी २०१८ साली दोघांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारी डॉना ही तिसरी महिला. पहिली मेरी क्युरी, १९०३ साली. आणि दुसरी, १९६३ साली? आपलीच मारिया गोपर्ट-मायर! तिला ते अणुकेंद्रावरच्या दुसऱ्या संशोधनासाठी मिळालं होतं.

आता लेखणी तयार झाली. तिचा मोठा गुण असा, की तिने लिहिताना आजूबाजूची काच फारशी तापत नाही. इलेक्ट्रॉनांनी घेतलेली ऊर्जा अणूंपर्यंत पोचायला काही पिकोसेकंद, म्हणजे हजारो फेम्टोसेकंद लागतात. तोवर स्पंद केव्हाच संपलेला असतो. उष्णता पसरायच्या आत लेखणी उचललेली! म्हणून मोठे तडे जात नाहीत.

पुढची गंमत जपान आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००३ साली जगापुढे ठेवली. काचेत एकाच जागी पुष्कळ स्पंद मारल्यावर त्यांनी ती जागा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिथे फणीच्या दातांसारख्या रेघा होत्या. प्रत्येक रेघ जेमतेम २० नॅनोमीटर जाडीची. केसाच्या जाडीत अशा काही हजार रेघा मावतील! लेसरचा ठिपका तर या रेघांपेक्षा कितीतरी मोठा. म्हणजे त्या कोणी एकेक करून आखल्या नव्हत्या, आपोआपच रांगेत उभ्या राहिल्या होत्या. आणि प्रकाशाची लाट ज्या दिशेने थरथरते, तिच्याशी बरोबर काटकोन करून. लाटेची दिशा फिरवली, की फणीही फिरते.

या फणीचा उपयोग लिहायला होतो. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. ठिपका डावीकडे की उजवीकडे, वर की खाली, या झाल्या दोन गोष्टी. अशा रांगोळ्या इमारतीच्या मजल्यांसारख्या एकावर एक रचल्या, की मजला ही तिसरी गोष्ट. प्रत्येक ठिपक्यातली फणी कोणत्या दिशेला वळली आहे, ही चौथी. आणि प्रकाशावर तिचा परिणाम किती जोराचा होतो, ही पाचवी. म्हणून याला ‘पाच मितींचं लेखन’ म्हणतात. त्यात जादूचं काही नाही, एकेका ठिपक्यात जास्त मजकूर भरायची ती युक्ती आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात पीटर कझान्स्की आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं यावर काम करत आहेत.

हे वाचायचं कसं, ते घरीच थोडंसं अनुभवता येईल. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. घरात कोणाकडे ‘पोलराइज्ड’ गॉगल असेल तर तो मागून घ्या आणि पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका ठिकाणी पडदा काळा दिसेल. आता मध्ये कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा पारदर्शक कोनमापक धरा. त्यात इंद्रधनुष्यासारखे रंग उमटतील! प्लॅस्टिक साच्यात घालताना आत जो ताण राहिला, त्याची ही खूण. काचेतली फणीही प्रकाशात असाच बदल करते. सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा तो बदल टिपतात आणि संगणक त्याची अक्षरं करतो.

काचेची ही गोष्ट झाली, सिलिकॉनचं काय? संगणकाच्या चिप आणि सौरपट्ट्या ज्याच्या बनतात, तो करडा चकचकीत पदार्थ. १९९८ साली हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर यांच्या प्रयोगशाळेने एका खास वायूत ठेवलेल्या सिलिकॉनवर फेम्टोसेकंद स्पंद मारले, असा प्रयोग प्रसिद्ध केला. चकचकीत सिलिकॉन काळाकुट्ट झाला! सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर सुळक्यांचं दाट रान. प्रकाश एकदा त्यात शिरला, की सुळक्यांवर आपटत आपटत आतच मुरतो. सिलिकॉनच्या पोटात लिहिणं मात्र अवघड. दिसणारा प्रकाश त्यातून जात नाही, अवरक्त जातो. पण स्पंद फारच छोटा असेल, तर तो वाटेतच विस्कटतो. म्हणून तुर्कस्तानातल्या बिल्केंट विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याहून लांब, नॅनोसेकंदांचे अवरक्त स्पंद वापरले आणि २०१७ साली सिलिकॉनच्या आत रचना कोरून दाखवल्या.

एवढा खटाटोप कशासाठी? टिकण्यासाठी. कागद कुजतो, चुंबकीय फीत खराब होते, हार्ड डिस्क काही वर्षांत दगा देते. सिलिकाच्या काचेला पाण्याचं भय नाही, चुंबकाचं नाही. साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे त्यांची काच १००० अंश सेल्सियसपर्यंतची उष्णता सोसेल आणि नेहमीच्या तापमानाला तिचं लेखन जवळजवळ कायमचं टिकेल. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने ‘सुपरमॅन’ हा १९७८ सालचा चित्रपट ७.५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि २ मिलिमीटर जाड काचेत लिहिला. मग ती काच उकळली, भट्टीत भाजली, तारेच्या घासणीने घासली. सुपरमॅन सुखरूप! २०२४ साली साउदॅम्प्टनच्या चमूने माणसाचा संपूर्ण जनुकीय आराखडा अशा काचेत लिहिला. ती काच ऑस्ट्रियात हालश्टाट इथल्या मिठाच्या खाणीतल्या संग्रहात ठेवली आहे.

पाहिलंत? माणसाने पकडलेल्या अतिशय छोट्या क्षणांनी लिहिलेला मजकूर सर्वांत जास्त काळ टिकणार आहे!

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. लिहिलेलं टिकलं म्हणजे वाचता येईलच असं कुठे आहे? नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांचे लेख सुमारे दोन हजार वर्षं दगडावर टिकून आहेत. पण मध्ये कित्येक शतकं अशी गेली, की ती ब्राह्मी लिपी वाचणारं कोणी उरलं नव्हतं. लोक घाट चढत-उतरत होते आणि अक्षरं मुकी होती. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी उलगडली, तेव्हा ती पुन्हा बोलू लागली. हे शास्त्रज्ञांच्याही ध्यानात आहे. म्हणून जनुकांच्या त्या काचेवर त्यांनी चित्रांची किल्ली कोरली आहे. आपली भाषा न येणाऱ्यालाही आत काय आहे याचा अंदाज यावा म्हणून.

आता घरच्या कपाटात डोकावा. कदाचित आईबाबांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल. कॅसेट आहे, पण ती लावायला यंत्र नाही. तीही मुकीच झाली की! आईबाबांनो, ती चालू करून घेता आली तर जरूर घ्या. नाहीतर त्यातलं जे आठवतंय, ते मुलांना बसवून सांगा. काच लिहिलेलं जपेल, पण त्याचा अर्थ जपायचा तर एकाने दुसऱ्याला सांगावंच लागतं.

आणि मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ असा. समजा, तुम्हांला काचेत एकच पान लिहायला मिळालं. ते दहा हजार वर्षांनी कोणीतरी वाचणार आहे. त्या माणसाला मराठी येत नाही. काय लिहाल? आणि त्याला ते कळावं म्हणून पानाच्या वरच्या कोपऱ्यात कोणतं चित्र काढाल? वहीत काढून ठेवा, आजी-आजोबांना दाखवा. त्यांना न सांगता कळलं, तर तुमची किल्ली पक्की!