गोड म्हणून दुय्यम?

वाशीतल्या एका वातानुकूलित बाजारसंकुलात परवा सरकत्या जिन्यावर उभा असता मोझार्टच्या बासरी आणि हार्प यांच्या कॉन्चेर्टोतील मधला विलंबित भाग कानी पडला, आणि बासरीने पहिला श्वास पुरता घेतला न घेतला तोच सवलतीच्या पुकाऱ्याने तिचा आवाज बुडवला. माझी तक्रार त्या दुकानदाराविरुद्ध नाही. जे कानाला गोड लागते ते लक्षपूर्वक ऐकण्याचे कारण नाही, असा जो समज आपल्यात दृढ झाला आहे, त्याविरुद्ध आहे.

१७७८ साली पॅरिस मुक्कामी, बासरी वाजवणारा ड्यूक द गीन आणि त्याची हार्पवादक कन्या यांच्याकरिता मोझार्टने ही रचना केली (चार महिने लोटले तरी मेहनताना हाती पडला नव्हता, ही कैफियत त्याच्या पत्रातच आहे). छेडलेली तार तत्क्षणी विरू लागते, फुंकीचा स्वर मात्र दमसास असेतो टिकतो. या विजोड स्वभावांचा संसार मांडताना त्याने मधल्या भागात ओबो आणि हॉर्न यांना मुळी गप्पच बसवले व मागे केवळ गजाच्या तंतुवाद्यांचा झिरझिरीत पडदा धरला. अखेरचा भाग माझ्या मते किंचित लांबला आहे. पण तेही पुरता ऐकल्यावाचून कसे कळावे?

परक्यांचे हे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल, तर विजोड वाद्ये जुळवण्याचा हाच पेच १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यापुढेही होता. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत रंगवताना कलमांच्या आघाताने उठून विझणाऱ्या संतुराच्या स्वरांना बासरीने आपला दीर्घ श्वास दिला. जोडीला ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. निर्माते होते ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' घरोघर पोचवणारे आपले जी. एन. जोशी. तीही मुद्रिका आज उपाहारगृहांतून चमच्यांच्या खणखणाटाखाली वाजते.

नवी मुंबई महानगरपालिकेस विनंती एवढीच, की वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटकांच्या तारखा सांभाळून एखादी रविवार-सकाळ मोकळी ठेवावी, आणि या दोन्ही रचनांच्या ध्वनिमुद्रिका उत्तम ध्वनियंत्रणेवर, मध्ये निवेदन न घालता, रसिकांना अथपासून इतिपर्यंत ऐकवाव्यात. दोन्ही मिळून दीड तासाच्या आत आटोपतील.