लाल गहू कोणी उतरवला?

माझा आजा सांगायचा, अमेरिकेचा गहू लाल. चपाती थंड झाली की रबरासारखी ताणायची. दिवसभर गोदीत त्याच गव्हाची पोती पाठीवर आणि संध्याकाळी त्याच गव्हासाठी रेशनची रांग. आज मी त्याच गोदीत ठेक्यावर आहे. मॅट्रिक पास, हातात हूक. म्हणून विकास, परराष्ट्र धोरण असले शब्द कानावर आले की मी आधी विचारतो, माल कोणाच्या पाठीवरून उतरला?

१९५४ साली अमेरिकेनं पी. एल. ४८० नावाचा कायदा केला. तिथली कोठारं ओसंडत होती, भाव पडत होते. १९५६ ला भारताशी करार झाला. डॉलर नकोत, रुपये द्या! केवढं औदार्य! ते रुपये इथंच अमेरिकेच्या खात्यात साठले. त्यातून इथली पुस्तकं, मराठीसुद्धा, विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांत पाठवली. म्हणजे आजानं पोतं उचललं आणि शिकागोत कुणाचा तरी प्रबंध झाला. आजा अंगठाबहाद्दर होता.

मग दोरी आवळली. १९६५-६६ चा दुष्काळ. अध्यक्ष जॉन्सन महिन्यामहिन्याच्या हिशेबानं गहू सोडू लागला. दिल्ली व्हिएतनामबद्दल बोलते याचाही त्याला राग. वर जागतिक बँकेचा रेटा. ६ जून १९६६ ला रुपया पाडला. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला.

त्याच वर्षी मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं. हरितक्रांती. पुढं गहू पिकला, आयात घटली, हे खरं आहे आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण बियाणं पेरायला जमीन लागते, विहीर लागते, खताला पैसा लागतो. गावकुसाबाहेर यातलं काय होतं? १९७२ च्या दुष्काळात आजी गावाकडं खडी फोडत होती आणि रेशनवर पुन्हा अमेरिकेचीच मिलो.

यावर आपले काही दोस्त म्हणतात, परदेशी नको, यंत्र नको, आपलं गाव बरं. च्यायला, गाव कुणाला बरं? बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींवरच्या निबंधात सांगितलं होतं, शेतीचा प्रश्न सोडवायचा तर उद्योग वाढवा. मला क्रेन पाहिजे. आजाचा मणका झिजला त्यात कसली आलीय संस्कृती? पण क्रेन आली की हजेरीपटावरून नाव माझंच का जातं, मुकादमाचं का नाही, हे विचारायला पाहिजे. यंत्र कुणाच्या मालकीचं यावर भांडा की! यंत्राला शिव्या देऊन काय होणार?

आता दोरीचं एक टोक दिल्लीच्या हातात आलंय. सप्टेंबर २०२२ ला तुकडा तांदळाची निर्यात बंद केली, जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची. सेनेगल, बेनिनसारखे देश भारताचा तांदूळ खातात. बंदी पुढं उठली. पण त्या दिवसांत आमच्या नाक्यावर लोक खूष होते, आता जग आपल्यापुढं हात पसरतं म्हणून. मी टाळी वाजवली नाही. आजानंही वाजवली नसती. १९६६ साली तो जहाजाची वाट बघत धक्क्यावर बसून होता, पाळी रिकामी, आणि घरी पीठ संपलेलं.